'कुठलीही रेकॉर्ड वाजवून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध

सांगली-मिरज भागात जुने ग्रामोफोन 'सेट' करून देणारा एक माणूस फिरतोय. त्याने मला साडेसात हजारांना फसवलंच, वर पैशाने न भरून येणारं नुकसान केलं. अजून कुणाच्या घरात तो शिरू नये म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे आजोबांचा एचएमव्ही १०२ आहे, चावीचा, पेटीसारखा मिटणारा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियन कंपनीच्या तबकड्या त्यावर सुरेख वाजायच्या. फक्त मुंबईच्या चोरबाजारातून आणलेल्या पाथे कंपनीच्या दोन तबकड्यांवर नुसती खरखर यायची. हा म्हणाला, "दादा, सेटिंगचा प्रश्न आहे. पाथे वाजेल, एडिसन वाजेल, एलपीसुद्धा वाजेल." साउंडबॉक्स (पिन धरणारा, पातळ पडद्यातून आवाज काढणारा गोल डबा) काढून घेऊन गेला. परत आला तो एक पत्र्याची पट्टी लावून, साउंडबॉक्स आडवा बसवून. माझ्यासमोर पाथेवर साधी पोलादी पिन टेकवली. दोन फेऱ्यांत पिनेच्या टोकाशी राखाडी भुकटी जमली आणि काळ्या चकचकीत तबकडीवर करडा पट्टा उमटला. मी थांबवेपर्यंत त्याने माझी एलपीही (नंतरच्या काळातली, बारीक खाचेची तबकडी) लावली होती. ती कायमची गेली.

पैसे घेऊन तो गेल्यावर मी साउंडबॉक्स उलटा करून पाहिला. आमच्या साउंडबॉक्सच्या पाठीवर कंपनीचं नाव आणि '५बी' अशी अक्षरं होती. याची पाठ कोरी. अस्सल माल घेऊन तो हलकी नक्कल बसवून गेला होता. खाँसाहेबांचा आवाज आता पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. त्याचा फोन बंद आहे. पोलिसांत अर्ज दिलाय.

त्याची थाप पचते, कारण ती अर्धी खरी आहे. नेहमीच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीत खाच डावी-उजवीकडे नागमोडी जाते, म्हणून साउंडबॉक्सचा पडदा उभा असतो. पाथेच्या जुन्या तबकड्यांत आणि एडिसनच्या डायमंड डिस्कमध्ये (१९१२ ते १९२९) खाच खाली-वर होते. तिथे पडदा तबकडीला समांतर, आडवा लागतो. त्यासाठी खरे अॅडॉप्टर पूर्वी मिळायचे, काही कंपन्यांच्या यंत्रांत साउंडबॉक्स फिरवायची सोयही होती. पण नुसतं फिरवून भागत नाही. पाथेला नीलमण्याची गोल टोकाची सुई लागते, एडिसनला हिऱ्याची. पोलादी पिन त्या खाचा खरवडून काढते. वेगही वेगळे: एडिसन ८०, जुन्या पाथे ९० किंवा त्याहून जास्त, आणि त्यातल्या कित्येक तर आतून बाहेर वाजतात. यातलं त्याने एक अक्षर काढलं नाही, वेगाच्या खटक्याला हातही लावला नाही. मला तिथेच खटकलं होतं.

एलपीचं नाव काढलं की त्याला दारातूनच परत पाठवा. तिची खाच बारीक, तिला काही ग्रॅमचाच भार सोसतो. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स १०० ग्रॅमहून जास्त भार टाकतो. कसल्याही सेटिंगने हे जमत नाही.

खऱ्या कारागिराचं काम तुमच्यासमोर होतं: साउंडबॉक्सच्या मागचं वाळून कडक झालेलं रबर बदलणं, स्प्रिंगला ग्रीस, गव्हर्नरची (वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाची) सफाई. साउंडबॉक्स घराबाहेर द्यावाच लागला, तर आधी त्याच्या पाठीचा आणि पडद्याचा जवळून फोटो काढा आणि त्याच फोटोवर त्याची सही घ्या. काळा, नाकीडोळी नीटस, चाळिशीतला माणूस असं वर्णन देऊन पोलिसांना फार उपयोग होत नाही, हे मी आता रोज अनुभवतोय.