इतवारीत बनवून घेतलेले 'विझर्ड ऑफ ऑझ'चे लाल बूट

जुन्या सिनेमातल्या बुटांचं वेड असलेले लोक आपल्या नागपुरात फार नसतील, पण जे आहेत त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहून राहिलो. इतवारीत शहीद चौकाकडून आत गेलं की एका गल्लीत एक काका बसतात, लग्नाच्या मोजड्या आणि नाटकवाल्यांचे बूट बनवतात, दुकानाला पाटी वगैरे काही नाही. त्यांच्याकडून मी 'विझर्ड ऑफ ऑझ'च्या नायिकेचे, डोरोथीचे, लाल बूट बनवून घेतले, म्हणजे १९३९ च्या सिनेमात ती भूमिका करणाऱ्या ज्युडी गारलंडच्या पायात होते ते. घालायला नाही, कपाटात ठेवायला. पाचपैकी साडेचार.

आधी रंगाचं सांगतो कारण कॉपी करणारे बहुतेक इथंच फसतात. एल. फ्रँक बॉमच्या १९०० च्या पुस्तकात हे बूट चांदीचे आहेत, सिनेमा टेक्निकलरमध्ये, म्हणजे त्या काळच्या रंगीत फिल्मवर करायचा ठरल्यावर ते लाल झाले. पण बुटावरची भडक लाल टिकली (चमकी) त्या फिल्मवर केशरीकडे जायची म्हणून टिकल्या गडद घेतल्या, जवळपास मरून. पडद्यावर तेच लालभडक दिसतं! मी आधी एका ऑनलाइन साइटवरून जोड मागवला होता तर रंग एकदम कुंकवासारखा, त्यात ग्लिटर नुसतं चिकटवलेलं, खोका उघडला तेव्हा निम्मं खोक्याच्या तळाशी. पैसे वाया गेले.

काकांना मी मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांनी मोठे करून करून पाहिले आणि म्हणाले, "दादा, हे चिकटवायचं काम नाही. टिकली आधी जाळीवर शिवा लागते, मग ती जाळी बुटावर चढवा लागते." मी तोवर एक शब्द बोललो नव्हतो. ओरिजनल बूट असेच आहेत हो, साधे पंप शूज लाल रंगवून त्यावर टिकल्या शिवलेलं झिरझिरीत कापड चढवलेलं, एका एका बुटावर सुमारे २,३०० टिकल्या. हॉलिवूडच्या कपडेपटानं जे केलं ते इतवारीतल्या माणसानं नुसता फोटो बघून ओळखलं, मला फार भारी वाटलं. जाळीवरचं टिकलीकाम त्यांनी ओळखीच्या आरीवाल्याकडून (आरीच्या सुईनं भरतकाम करणाऱ्याकडून) करून घेतलं आणि मरून रंगाच्या टिकल्या मी स्वतः गांधीबागेत फिरून निवडल्या, उन्हात नेऊन पाहिल्या, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंगावर विश्वास ठेवू नका. फर्मा (बुटाचा साचा) त्यांच्याकडे आधीच होता, जुन्या पद्धतीचा, पुढून गोलसर. तळाला फेल्टसुद्धा लावलं, कारण सिनेमात नाचताना टाचांचा आवाज येऊ नये म्हणून तसं लावायचे.

अर्धा मार्क कापला तो बो साठी. ओरिजनल बो वर काचेचे मणी आणि खडे आहेत, त्यांचं वजन जाणवतं, इथं प्लास्टिकचे खडे लागले आणि जवळून पाहिलं की ते हलकं काम कळतं. काका म्हणाले काचेचे आणून दिले तर बदलून देतो, ते मी करणार आहे.

एवढा खटाटोप कशाला असं घरचे विचारतात. अहो या बुटांची गोष्टच तशी आहे. हा सिनेमा काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओच्या १९७० च्या लिलावात एक जोड १५,००० डॉलरला गेला, लोकांना वाटलं हा एकच, पण सामान आवरताना केंट वॉर्नर नावाच्या कपडेपटवाल्याला बरेच जोड सापडले होते. एक अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. एक २००५ मध्ये मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्सच्या म्युझियममधून चोरीला गेला आणि २०१८ मध्ये एफबीआयला मिळाला, तेव्हा तपासणीत दिसलं की तो जोड आणि स्मिथसोनियनचा जोड एकमेकांत मिसळलेत, याचा डावा त्याच्याकडे! तोच चोरीचा जोड डिसेंबर २०२४ मध्ये कमिशन धरून सव्वातीन कोटी डॉलरला विकला गेला. आपल्यासारख्यानं मग चांगली कॉपीच करावी, पण नीट करावी.

सांभाळायचं म्हणाल तर ओरिजनल टिकल्या जिलेटिनच्या, दमट हवेनं खराब होणाऱ्या, म्हणून म्युझियमवाले हवा मोजून ठेवतात. आपल्या टिकल्या प्लास्टिकच्या, पावसाळ्याचं भ्या नाही. मात्र मे महिन्यात लोखंडी कपाटात ठेवू नका, सोल्युशन सुटतं आणि सोल उघडतो, हे काकांनीच बजावलं.

पैसे साडेचार हजार गेले, टिकल्यांचे वेगळे. अर्धे आधी द्यावे लागतात. लग्नसराईत आणि शाळांच्या गॅदरिंगच्या दिवसांत जाऊ नका, काकांना मान वर करायला वेळ नसतो. फोटो चारही बाजूंचे न्या, तळाचाही. मी आता 'श्री ४२०' मधल्या राज कपूरचे फाटके बूट सांगून आलोय, काका म्हणाले नवं चामडं फाडून जुनं दाखवायला जास्त दिवस लागतील, बनले की फोटो टाकतो.