पंचांची बैठक की लोकअदालत: दोन कुळांतील भरपाईचा वाद मिटवताना

सोलापूरच्या सेटलमेंट भागात किंवा मोहोळ-बार्शीकडच्या पालांवर आमच्या पारधी समाजातील दोन कुळांत भरपाईचा वाद उभा राहिला, की पंच बसवायचे की लोकअदालतीत जायचे, हा प्रश्न आजही पडतो. आमच्या घराने दोन्ही वाटा पाहिल्या आहेत.

पंचांच्या बैठकीचे सामर्थ्य मी नाकारणार नाही. तेथे नुकसान एका माणसाचे नव्हे, कुळाचे धरले जाते. भाऊबंद आणि सोयरे मनातले बोलून घेतात आणि पुष्कळसा राग तेथेच निवळतो. लोकअदालतीत पक्षकार आणि वकील यांच्यापलीकडे कोणाला फारसे विचारले जात नाही, आणि एक बाजू अडून बसली तर तडजोड लादताही येत नाही.

तरीही माझे मन एका गोष्टीपाशी अडते. वडिलांच्या काळात पंचांनी ठरवलेली भरपाई हप्त्यांनी यायची होती. जामीन राहिलेले गृहस्थ वारले, पंच पांगले, आणि किती दिले, किती राहिले, याचा एकही कागद कोणापाशी नव्हता. प्रत्येक लग्नकार्यात ही बाकी निघे. जुळत आलेली एक सोयरीक तिच्यापायी मोडली. पुन्हा पंच बसवायचे, तर बैठकीचा खर्च दोन्ही कुळांनी पुन्हा भरायचा.

पुढे विहिरीची कड ढासळून धाकट्या भावाचा पाय निकामी झाला. ते काम सोयऱ्यांनीच घेतलेले होते. या वेळी दावा लावण्याआधीच आम्ही लोकअदालत भरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीतील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते आणि हप्ता थकला तर दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीचा न्यायालयाकडे अर्ज, लावता येते. आमचाही एक हप्ता थकला होता. निवाड्याची प्रत पुढे ठेवल्यावर तो भांडणाविना मिळाला.

प्रत्येक वादाला ही वाट चालेल असे नाही. तडजोडीस पात्र नसलेला गुन्हा लोकअदालतीत मिटत नाही. पंचांकडे जाणाऱ्यांनी मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की निर्णय न मानणाऱ्या कुळाला वाळीत टाकणे हा ३ जुलै २०१७ पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे. मला विचाराल, तर वडीलधाऱ्यांनी आधी घरी बसून रक्कम ठरवावी, आणि मग लोकअदालतीच्या तडजोडपत्रात हप्त्यांच्या तारखा आणि पैसे जखमी माणसाच्याच बँक खात्यात भरण्याची अट लिहून घ्यावी.