आईच्या रियाजाचा टॅब : काही महिने वापरल्यावर

आई इंदूरला तिलकनगरात घरीच गाणं शिकवते. टॅबकडून तिची तीन कामं होती: तानपुरा-तबल्याचं ॲप, शिष्यांचं रेकॉर्डिंग आणि रात्री टीव्हीवर नाटक. खोक्यावर मात्र रॅम, मेगापिक्सेल, बॅटरी. आपल्या कामाचं तिथे अवाक्षर नसतं. म्हणून जेल रोडला जाताना घरची टाइप-सी ते एचडीएमआय केबल आणि छोटा ब्लूटूथ स्पीकर पिशवीत टाकला.

'सी टाइप है, टीवी पे चल जाएगा,' दुकानदार म्हणाले. त्यांच्याच टीव्हीला जोडलं, काहीच दिसेना. टाइप-सी हा नुसता तोंडाचा आकार. चित्र बाहेर पाठवायला आत डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय लागते, आणि स्वस्त टॅबमध्ये ती बहुधा नसते. मग वायफायवरून कास्ट होणारा, म्हणजे वायरीशिवाय टीव्हीवर चित्र पाठवणारा, घेतला. नाटकाला तेवढं पुरतं. वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणारं कुलूप, एल1 पातळीचं आहे हेही तिथेच ॲप टाकून पाहिलं, कारण एल3 असेल तर पडदा कितीही चांगला असो, नेटफ्लिक्स एचडी दाखवत नाही.

पण आमचा निर्णय झाला तो साडेतीन मिमीच्या हेडफोन जॅकवर. तबल्याच्या ॲपमध्ये मात्रेचा आकडा उजळतो, त्याच क्षणी बोल ऐकू यायला हवा. ब्लूटूथवर आवाजाची माहिती आधी दाबून लहान करतात, तुकड्यांत पाठवतात, पलीकडे साठवून उलगडतात; त्यात उशीर होतो. दुकानात झुमरा हा चौदा मात्रांचा ताल लावला तर आकडा पुढे, ठेका मागे. वायर जोडली की दोन्ही एकत्र. इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात मुलींना असा घसरलेला ताल कसा ऐकवायचा? बारीक टॅबमध्ये हल्ली बहुधा जॅकच नसतो, तेव्हा हे आधी बघाच. नुसत्या तानपुऱ्याला ब्लूटूथ चालतं, तो अखंड वाजत असतो.

आज सगळ्यात जास्त वापर त्या जॅकचाच आहे. तक्रार जागेची. 64 जीबीतली बरीच सिस्टिमच खाते, आणि सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ वेव्ह (न दाबलेलं) रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण 10 एमबी घेतं. मेमरी कार्ड घातलंय, पण ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'कार्डावर साठव' सांगावं लागलं. आपोआप होत नाही. घेताना कार्डाची जागा आहे ना, तेही बघा.

आतला माइक आवाज चढला की स्वतःच दाबतो, तानेचा जोर रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही. बाहेरचा माइक घेणार आहोत, तोही पिनवर तीन काळ्या कड्या असलेला. दोन कड्यांचा या जॅकला चालत नाही.