आर्जेंतोचा ‘ड्रॅक्युला ३डी’ : नागपुरात घरी पाहायचा असेल तर

ब्रॅम स्टोकरची १८९७ची कादंबरी ज्यांना जवळजवळ पाठ आहे, त्यांनी इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोचा हा २०१२चा सिनेमा कथेसाठी लावू नये. कादंबरीतलं लंडन गायब, व्हिटबी हे इंग्लंडचं किनारी गाव गायब, ड्रॅक्युलाला तिथे आणणारं डेमेटर जहाजही गायब. डायऱ्या, पत्रं, तारा अशा तुकड्यांतून उलगडणारी मूळ बांधणी मोडून आर्जेंतोने सगळं पासबुर्ग नावाच्या एकाच गावात कोंडलंय. नायक हार्कर येतो तो काउंटचं, म्हणजे ड्रॅक्युलाचं, ग्रंथालय लावून द्यायला. ही युक्ती हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या १९५८च्या ‘ड्रॅक्युला’ सिनेमातही होती. हार्करची बायको मीना काउंटच्या ज्या मेलेल्या बायकोसारखी दिसते, तिचं डोलिंगेन हे नाव स्टोकरच्या मृत्यूनंतर १९१४ मध्ये छापलेल्या ‘ड्रॅक्युलाज गेस्ट’ या कथेतलं. सगळ्यात मोठा बदल गावाचा आहे. इथली बडी मंडळी काउंटशी करार करून बसलीत. कादंबरीत संकट परक्या मुलखातून शहरावर चालून येतं, इथे ते गावाने पोसलेलं आहे. हा बदल आम्हाला मनापासून आवडला.

पण सिनेमा पाहायचा तो लुचियानो तोवोलीच्या कॅमेऱ्यासाठी. आर्जेंतोच्याच १९७७च्या ‘सस्पिरिया’ या भयपटाचा छायालेखक हाच. चित्रीकरण इटलीतल्या पिएमोंतेमधलं : कान्देलोचं तटबंदीतलं मध्ययुगीन गाव आणि मोंताल्तो दोराचा किल्ला. गल्ल्यांतले गोटे, फांद्या, जिन्याचे कठडे पुढच्या थरात, माणूस मधल्या थरात आणि मागे भिंत, अशी फ्रेम पुन्हा पुन्हा दिसते, कारण मुळात चित्रीकरणच ३डीमध्ये झालंय. साध्या टीव्हीवर प्रकाश भडक वाटतो, अगदी दूरदर्शन मालिकेसारखा. चष्मा लावला की हाच उजेड निम्म्याहून खाली येतो, हिरवे-निळे रंग गडद होतात आणि थर सुटे दिसू लागतात. २डीत पाहून ‘स्वस्त दिसतो’ म्हणणाऱ्यांनी अर्धाच सिनेमा पाहिलाय.

फसलंय ते संगणकी काम. जिन्यातला महाकाय खंडोबाचा किडा (प्रेइंग मँटिस) नेमका पाहा. पाय पायरीला टेकतात तिथे सावली पडत नाही आणि अंगावरचा उजेड जिन्यातल्या उजेडाशी जुळत नाही. ३डीत प्रत्येक फ्रेम दोन डोळ्यांसाठी दोनदा काढावी लागते, त्यात एवढी तफावत राहिली की किडा जिन्यात उभा न राहता काचेवर चिकटवल्यासारखा दिसतो. याउलट गावच्या मंडळींच्या बैठकीतलं हत्याकांड बघा, त्यातला मार अंगावर येतो. मैत्रीण लूसीच्या गुडघ्यामागच्या चाव्याच्या खुणा मीनाला दिसतात तो क्षणही असाच. मानेऐवजी ती जागा निवडणं हे खास आर्जेंतो.

थॉमस क्रेचमनचा काउंट थंड आणि थकलेला, ठीक. रुटगर हाउअरचा व्हॅन हेल्सिंग, म्हणजे ड्रॅक्युलाचा माग काढणारा, फार उशिरा येतो. कलाकार चार देशांचे असल्याने इंग्रजी उच्चार विखुरलेत, सबटायटल लावाच.

आता नागपूरकरांसाठी कामाचं. डिस्क मागवण्याआधी तिचा रीजन, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे ते, तपासा. ब्लू-रेसाठी भारत C मध्ये येतो, अमेरिका A आणि युरोप B. A किंवा B ला लॉक असलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालणार नाही. नवे ३डी टीव्ही निघणं बंद झालंय, त्यामुळे उपाय म्हणजे ३डी चालणारा डीएलपी जातीचा प्रोजेक्टर आणि त्याच्या चित्राशी ताळमेळ राखत एकेक डोळा आलटून-पालटून झाकणारे डीएलपी-लिंक शटर चष्मे. प्लेअरही ३डी ब्लू-रेचाच लागतो. एचडीएमआय थेट प्रोजेक्टरला जोडा. मध्ये जुना अ‍ॅम्प्लिफायर आला तर चित्र गुपचूप २डीवर उतरतं. पुढची फांदी मागे गेल्यासारखी दिसली, डोळे ताणले, तर डावा-उजवा डोळा उलटलाय : मेनूत ३डी सिंक इन्व्हर्ट करा. चष्मे आधी चार्ज करून ठेवा. एक बंद पडला की त्या माणसाला नुसतं दुहेरी चित्र दिसतं.

मे महिन्यात दुपारचा शो लावूच नका. खिडकीतल्या कुलरच्या ताट्यांतून उजेड आत येतो आणि चष्म्याने आधीच मंद झालेलं चित्र पार धुऊन निघतं. रात्री आठनंतर बसा. कुलर असाच राहणार असेल तर स्पीकरऐवजी हेडफोन घ्या, कारण क्लाउदिओ सिमोनेत्तीच्या संगीतातलं थेरेमिन हे बारीक, कापरं वाद्य आहे आणि कुलरच्या घरघरीत सगळ्यात आधी तेच बुडतं. पंप बंद करून भागत नाही, आवाज पंख्याचा असतो. खोली आधी तासभर गार करून घ्या आणि जंगलातल्या प्रसंगांना तरी पंखा हळू ठेवा.

नग्नता आणि रक्त दोन्ही भरपूर आहे, पोरांना घेऊन बसू नका. चष्म्याची सोय होत नसेल तर डिस्कवर पैसे घालू नका, २डी कुठे स्ट्रीमिंगवर मिळाला तर तेवढ्यावर भागवा. सोय असेल तर मात्र घ्याच, आणि किल्ल्यातले प्रसंग दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा.