पितळ की स्टेनलेस? पावसाळी घराच्या दारांसाठी

सातारा जिल्ह्यात दाराचं सामान निवडायचं तर घर कुठल्या अंगाला आहे हे आधी बघावं लागतं. कोरड्या माणदेशात लोखंडी बिजागरीला रंग मारून ठेवला तरी निभतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि धुकं दाराला विचारून आत येत नाही. आमचं घर मेढ्याच्या वरच्या बाजूला, त्यामुळे लोखंड आधीच बाद. जुन्या भागात पितळ आहे, मागे वाढवलेल्या खोल्यांना ३०४ या प्रतीचं स्टेनलेस. दोन्ही रोजच्या हाताखालची आहेत.

पितळ गंजत नाही, कळकतं. श्रावणापर्यंत कड्या काळवंडतात, कोपऱ्यांत हिरवट थर धरतो. दिवाळीला चिंच लावून घासल्या की पुन्हा लख्ख. हातात वजन लागतं, जुन्या दाराला शोभतं. स्टेनलेस दिसायला जरा दवाखान्यातलं वाटतं, हे मान्य. मॅट फिनिश घेतलं तर तेवढं खुपत नाही, बोटांचे ठसेही कमी दिसतात.

माझा कौल स्टेनलेसकडे फिरला तो स्क्रूंमुळे. पितळी बिजागरीला पितळीच स्क्रू हवेत, आणि ते मऊ. ऐनाच्या कठीण लाकडाच्या चौकटीत पिळले की खाच झिजते, नाहीतर मुंडी तुटून हातात येते. मग सुतार काय करतो, तर खिशातले लोखंडी मारतो. आमच्याकडे तेच झालं. बिजागरीच्या मोठ्या पितळी पत्तीला चिकटलेला छोटा लोखंडी स्क्रू ओलीत एकटाच सगळा गंज सोसतो. बिजागरी शाबूत राहते, स्क्रू आतून खाल्ला जातो आणि दार खाली बसतं. वर ऐनाच्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, त्यामुळे लोखंडी स्क्रूभोवती शाई सांडल्यासारखे काळे डाग पडतात. ते रंधा मारूनही पुरते जात नाहीत. यावर उपाय आहे: आधी भोक पाडायचं, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढायचा, मग मेण लावून पितळी बसवायचा. पण प्रत्येक भोकाला एवढी निगुती करणारा सुतार तुमच्याकडे असेल, तरच.

स्टेनलेसचा स्क्रू ड्रिल मशीनने सरळ आत जातो. मागच्या खोल्यांची दारं पावसाळ्यात फुगून घासतात, पण खाली बसलेली नाहीत. फक्त पाकिटातले स्क्रू दुकानातच उघडून बघा. बिजागरी स्टेनलेसची आणि सोबत मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू, असं सर्रास मिळतं. लोहचुंबक नेलंत तर हे लगेच कळतं. २०२ आणि ३०४ मधला फरक मात्र चुंबकाने कळत नाही, दोन्ही जवळपास चिकटत नाहीतच. २०२ मध्ये निकेल कमी असतं आणि ओलीत त्याला लवकर डाग पडतात. त्यामुळे बिलावर ३०४ लिहून घ्यावं, हे बरं.

काही दुकानदार ३१६ पुढे करतात. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, ते खाऱ्या हवेसाठी. गुहागरला किंवा हर्णैला घर असेल तर जरूर घ्या. आपल्याकडचा पाऊस गोडा आहे, ३०४ पुरतं असं मला तरी वाटतं. इथे स्टेनलेसचा खरा वैरी फरशी धुवायचं ॲसिड. त्याच्या नुसत्या वाफेने नव्या कोऱ्या कड्यांवर तांबूस ठिपके उठतात. म्हणून बाथरूमची धुलाई उरकल्यावरच सामान चढवायला सांगा.

दर्शनी दाराची कडी-कोयंडा मी आजही पितळेचाच घेईन. तिथे स्क्रू नसतात, कडी चौकटीतून आरपार जाऊन मागे वळवलेली असते.