मराठवाड्याच्या उन्हात बीटलचे इंजिन: बदललेल्या सुट्या भागांचे दोन उन्हाळ्यांनंतरचे परीक्षण

आमच्या १९६८ सालच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये आधीच्या मालकाने कधीतरी १६०० सीसीचे, दोन पोर्टांचे हेड असलेले इंजिन बसवून घेतले होते. बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढून वर आल्यावर चहासाठी थांबलो की गाडी आयडलवर (जागेवर उभी, इंजिन मंद चालू) असताना ऑइलचा दाब कमी झाल्याचा दिवा लुकलुकू लागे आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबला की विझे. दोन वर्षांपूर्वी ते इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतले. त्यानंतर छत्रपती संभाजीनगर, बीड, अंबाजोगाई, लातूर अशा फेऱ्यांमध्ये गाडी ११,००० किलोमीटर चालली असून त्यात ४२ अंशांच्या दुपारीही आल्या. ताकद वाढवणे हा हेतू नव्हता. इंजिन टिकले पाहिजे, एवढ्याच निकषावर भाग निवडले आणि त्याच निकषावर येथे त्यांचे मूल्यमापन करीत आहे.

सर्वाधिक पैसा गेला तो बाहेरून न दिसणाऱ्या क्रँककेसवर, म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) ज्यात बसतो त्या इंजिनाच्या कवचावर, आणि तो योग्य ठिकाणी गेला असे माझे ठाम मत आहे. हा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. वजनाला हलका, पण उष्णतेने आणि क्रँकशाफ्टच्या ठोक्यांनी त्यातील मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगच्या) बैठका हळूहळू रुंदावतात. मग बेअरिंग कितीही नवे घातले तरी ते बैठकीत सैल राहते, ऑइल बाजूने निसटते आणि गरम इंजिनात ऑइलचा दाब पडतो. आमचा दिवा लुकलुकत होता तो यामुळेच. चिकलठाणा एमआयडीसीतील एका वर्कशॉपने सगळ्या बैठका एका रेषेत बोअर करून दिल्या आणि आम्ही त्या मापाची, बाहेरून ०.५० मिलिमीटर मोठी बेअरिंगे आणली. सिलिंडर हेड आवळून धरणारे स्टड (लांब बोल्ट) ज्या आट्यांत बसतात, तेथे पोलादी इन्सर्ट टाकून घेतले, कारण जुने १० मिलिमीटरचे स्टड मॅग्नेशियममधील आटे ओढून काढतात, हा या इंजिनाचा जुना आजार आहे. स्टड ८ मिलिमीटरचे घेतले. बारीक स्टड कमकुवत असेल असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात सिलिंडर आणि हेड तापून फुगतात तेव्हा तो थोडा ताणला जातो आणि आट्यांवरचा भार हलका करतो.

पिस्टन-सिलिंडरच्या बाबतीत मोह आवरावा लागला. मूळ बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) ८५.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ६९ मिलिमीटर आणि क्षमता १,५८४ सीसी. क्रँककेसला हात न लावता ८८ मिलिमीटरचे सिलिंडर बसतात आणि इंजिन १,६७९ सीसीचे होते, म्हणून विक्रेते तेच सुचवतात. पण त्या सिलिंडरची भिंत इतकी पातळ राहते की तापल्यावर तिचा गोलाकार बिघडतो, पिस्टनवरच्या रिंगांची पकड जाते आणि हेडच्या बाजूने गळती सुरू होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तापमानाचे चढउतार मुळातच मोठे असतात. आम्ही मूळ मापाचा संच घेतला आणि बसवण्यापूर्वी प्रत्येक भाग मोजला. चारही पिस्टन मी सराफ्यात एका परिचित सोनाराच्या काट्यावर ठेवले. त्यांच्या वजनांतील फरक १० ग्रॅमच्या आत हवा, तो त्याहून बराच कमी निघाला. (शेजारच्या गिऱ्हाईक बाईंनी मात्र हा कोणता दागिना, असे विचारले.) रिंगांच्या टोकांतील फट सिलिंडरमध्ये घालून फीलर गेजने पाहिली, तेव्हा एका रिंगेत ती ०.३० मिलिमीटरपेक्षा कमी भरली आणि कानस लावावी लागली. आमचे उस्ताद तेवढ्यापुरते म्हणाले, "नवा है करके भरोसा नको करो साहब, नाप के लेव." त्यांच्या या सल्ल्याचा अर्थ मला टॅपेटांनी समजावला.

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) आणि त्या उंचवट्यांवर टेकणारे टॅपेट ही खरेदी फसली. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून नवे कॅमशाफ्ट आणि टॅपेटांचा संच मागवला. दिसायला अतिशय गुळगुळीत, खोकेही देखणे. ६०० किलोमीटरनंतर व्हॉल्व्ह सेट करताना एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटरऐवजी जवळजवळ दुप्पट आढळली. पुन्हा सेट केली तर आठवडाभरात पुन्हा वाढली. ऑइलच्या जाळीवर हात फिरवला तेव्हा बोटांना राखाडी चमकदार भुकटी लागली. टॅपेटाचा तळ नीट कठीण केलेला नव्हता आणि तो कॅमच्या उंचवट्यासह झिजत होता. या इंजिनात टॅपेटचे डोके खालच्या बाजूने मोठे असल्याने क्रँककेसचे दोन भाग उघडल्याशिवाय ते निघत नाही. म्हणजे काही शे रुपयांच्या एका भागासाठी संपूर्ण इंजिन खाली उतरवून पुन्हा बांधावे लागले. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत, दुसरा संच देऊ केला. तो आम्ही घेतला नाही. दुसऱ्या वेळी जुन्या मूळ टॅपेटांचे तळ एका अनुभवी ग्राइंडरकडून किंचित फुगीर घासून घेतले, नवे कॅमशाफ्ट दुसरीकडून आणले, कॅमला माखायचे ग्रीस भरपूर लावले आणि जस्त-फॉस्फरसयुक्त ऑइल घालून पहिली वीस मिनिटे इंजिन आयडलवर न ठेवता सुमारे २,००० फेऱ्यांवर चालवले. त्यानंतर फट हललेली नाही.

हेड नवीन घेतले, कारण जुन्यात स्पार्क प्लगच्या आट्यापासून व्हॉल्व्ह सीटपर्यंत भेग होती. गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र नामांकित मालाचे वेगळे मागवून बसवले. त्यात तिसऱ्या सिलिंडरचा विचार होता: जुन्या रचनेत ऑइल थंड करणारा कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेतच उभा असतो, त्यामुळे त्याच्यामागच्या तिसऱ्या सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळते आणि व्हॉल्व्ह प्रथम तेथेच जळतो. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर वेगळ्या कप्प्यात बाहेर नेला. आम्ही तोच नवीन धर्तीचा पंख्याचा डबा आणि कूलर बसवला. माझ्या मते मराठवाड्यात या एका बदलावाचून बाकी खर्च व्यर्थ आहे.

तितकेच महत्त्वाचे, पण कोणी विकत न घेणारे भाग म्हणजे पत्रे आणि रबराची कडा. सिलिंडरांच्या खालचे पत्रे हवेला पाकळ्यांभोवती फिरवून नेतात. गॅरेजमध्ये ते 'आवाज करतात' म्हणून काढून टाकलेले असतात. इंजिनाभोवतीचे रबर फाटले, तर खालची गरम हवा पुन्हा वर पंख्याकडे येते. आमच्या गाडीत दोन्ही गोष्टी होत्या. पत्रे तालुक्याच्या गावी भंगारात मिळाले, रबर मात्र नवीन घेतले.

ऑइल फक्त अडीच लिटर आणि फिल्टर नाही, केवळ जाळी आहे. त्यामुळे ऑइलच्या पंपावर खूप खर्च करण्यापेक्षा ऑइल दर ३,००० किलोमीटरला बदलणे मला पसंत पडते. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या लावल्या. इथेनॉल बहुधा आपल्याच बीड-लातूरकडच्या उसाचे असते, पण जुनी रबरी नळी त्याने कडक होऊन तडकते आणि या गाड्यांना आग लागण्याचे ते नेहमीचे कारण आहे. इथेनॉलमधील प्राणवायूमुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, म्हणून कार्ब्युरेटरचे मुख्य जेट (इंधन सोडणारे छिद्र) एक आकड्याने मोठे घातले.

आता मांजरसुंब्याला थांबले तरी दिवा लागत नाही. तक्रार एकच उरली आहे: आठ पुशरॉड नळ्यांपैकी (टॅपेटांपासून व्हॉल्व्हकडे जाणारे दांडे ज्यांतून जातात त्या) तिसऱ्या सिलिंडरखालची एक नळी अजूनही ऑइल पाझरते आणि गॅरेजच्या फरशीवर सकाळी रुपयाएवढा डाग असतो. तिची सील बदलायला हेड काढावे लागते, म्हणून येत्या पावसाळ्यात स्प्रिंगची, हेड न काढता बसणारी नळी घालून पाहणार आहे.