१९३० चं पत्र आणि त्यावरचा झिप कोड

साडेसहाशे डॉलर गेले. पण त्याहून जास्त सलतं ते वेगळंच. एक बनावट पत्र मी आठ महिने खरं म्हणून जपलं, चार जाणकारांना पाठवलंही.

मी सॅन होजेला राहतो, जुने लाकडी यो-यो जमवतो. त्यातही पेद्रो फ्लोरेस यांचे. फिलिपिन्समधून आलेल्या या माणसाने १९२८ साली कॅलिफोर्नियात सँटा बार्बराला यो-यो बनवायला सुरुवात केली. दोरी आसाला घट्ट न बांधता तिचा सैल फास अडकवला की यो-यो खाली जाऊन तिथेच गरगरत राहतो. ही फिलिपिन्सची रीत अमेरिकेत त्यांनी रुजवली. पुढे डोनाल्ड डंकन यांनी तो धंदा विकत घेतला आणि लोकांच्या तोंडी डंकन एवढंच नाव उरलं. म्हणून फ्लोरेस यांचा शिक्का दिसला की मला राहवत नाही. विकणाऱ्याने नेमकं तेच हेरलं.

यो-योबरोबर त्याने एक पत्र दाखवलं. कारखान्याकडून एका दुकानदाराला, साल १९३०. कागद पिवळा, घड्या झिजलेल्या. "आजोबांच्या दुकानात सापडलं, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, आज रात्रीच सांगा." कमिशन वाचेल म्हणून पैसे ओळखीच्या माणसाला पाठवतो तसे पाठवायला सांगितले. मी पाठवले. अशा व्यवहारात खरेदीचं संरक्षण मिळत नाही, हे मला माहीत होतं, तरीही.

पुढे संग्रहाची वही नीट लिहायला घेतली. पत्राचा मथळा अक्षरन् अक्षर उतरवत होतो. सँटा बार्बरा, कॅलिफोर्निया, ९३१०१. हात थांबला. पाच आकडी झिप कोड, म्हणजे तिथले पिन कोड, अमेरिकेत १ जुलै १९६३ ला सुरू झाले!

मग यो-यो भिंगाखाली धरला. लाकडावरचे ओरखडे शिक्क्याच्या रंगाखालून जात होते. खेळून झिजलेल्या यो-योवर ओरखडा शिक्क्यालाही कापत जातो. म्हणजे लाकूड जुनं, शिक्का ताजा. विकणाऱ्याचं खातं तोवर बंद झालं होतं.

पैसे देण्याआधी शिक्क्याचा जवळून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा. पत्र, खोका, जाहिरात असेल तर त्यावरचा पत्ता शब्दन् शब्द वाचा. खोक्यावर बारकोड असेल तर तो १९७० च्या दशकाआधीचा नाही. डंकनच्या नावाबरोबर फ्लॅम्बो या कंपनीचं नाव दिसलं तर माल १९६८ नंतरचा, कारण डंकन हे नाव त्या कंपनीने तेव्हा विकत घेतलं. घाई करणाऱ्याला सरळ नाही म्हणा, वस्तू हातची जाऊ द्या.

ते पत्र मी फाडलं नाही. मागे पेन्सिलीने 'बनावट' लिहिलं, कारणही लिहिलं. चौघांनाही कळवलं. त्यातल्या एकाने ते पत्र आपल्या लेखात छापायला घेतलं होतं. त्याने ते पान काढून टाकलं.